व्हय म्हाराजा आणि चारशेऐंशी पत्ते

मला घंटेची सवय होती. टाइपरायटरवर ओळ संपत आली की टिंग वाजतं, डावा हात आपोआप उठतो, दांडी सरकवतो, गाडी खाड्कन पहिल्या जागेवर आणि पुढची ओळ चालू. साकीनाक्याला बल्बचे होल्डर बनवणाऱ्या एका फॅक्टरीत मी आठ वर्षं हेच केलं. मिनिटाला पंचेचाळीस शब्द. ओळ कुठे तोडायची हे काम डाव्या हाताचं, त्यात डोक्याचा संबंध नाही. डोकं मोकळंच असायचं, ते मी भांडायला वापरायचे.

ही असली नोकरी मी सत्त्याऐंशीच्या जानेवारीत सोडली. कुणी हाकललं नाही हो, स्वतःच्या पायाने सोडली. परमनंट होती, पीएफ होता, दिवाळीला मिठाईचा डबा होता. पण आठ वर्षं झाली तरी सुपरवायझर हाक मारायचा ती "ए टायपिस्ट" अशी. एके दिवशी माझं डोकं फिरलं. त्याच्या टेबलावर रिबनचा डबा आपटला आणि म्हटलं, "मला नाव आहे. रत्नप्रभा धोंडू परब. उद्यापासून ते लक्षात ठेवायची गरज नाही." घरी येईपर्यंत मला झकास वाटत होतं. कांदिवली स्टेशनला उतरले आणि घराकडे वळायच्या ऐवजी बाकावर बसून राहिले, कारण घरी बाबा होते.

बाबा गिरणीत बावीस वर्षं परमनंट. हा शब्द ते देवाचं नाव घेतल्यासारखा घ्यायचे. संपानंतर गिरणीचं दार उघडलं नाही ते नाहीच. आता कांदिवलीच्याच एका सोसायटीत रात्रपाळीचे वॉचमन, आणि तिथे सेक्रेटरी बदलला की वॉचमनही बदलतो. मी नोकरी सोडल्याचं सांगितलं तेव्हा ते ओरडले नाहीत. नुसतं ताट सारलं आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं बंद. मी समोर जेवायला बसलेली असायचे आणि ते आईला म्हणायचे, "नलिनी, तिका सांग, आमटी व्हयी तर घे म्हणान." मी पण कुणाची मुलगी? मीही आईला सांगायचे, "त्यांना सांग, नको म्हणून." आमटीची वाटी आमच्यामध्ये थंड होऊन जायची. आई बिचारी दोन महिने टेलिफोन ऑपरेटर.

नवी नोकरी फॅक्टरीपासून दोन गल्ल्या सोडून. आमच्या गाववाल्यांच्या मंडळातला चंद्रप्रकाश, मी त्याला लहानपणापासून चंदूदादा म्हणते, त्याने लेथ मशीनच्या वर्कशॉपवर पोटमाळा घेऊन कॉम्प्युटरचं ऑफिस काढलं होतं. ऑफिस कसलं, एक खोली. त्यात एक कॉम्प्युटर, एक करकर करणारा प्रिंटर, एक पंखा, आणि तो पंखा कॉम्प्युटरकडे तोंड करून, माणसांकडे नाही. कॉम्प्युटर चंदूदादाच्या मामाचा, "धंदा जमला नाही तर उचलून नेतो" या बोलीवर आलेला. मला त्याने सांगितलं, "तीन महिने बघू. मार्चअखेर सगळं नीट असलं तर परमनंटचं पत्र देतो." मला त्या पत्राची गरज पोटासाठी होतीच. पण खरं सांगते, ते बाबांच्या ताटाजवळ नेऊन ठेवायचं होतं.

तिसरा माणूस लवू. बी.एस्सी. झालेला, कांदिवलीतलाच, संध्याकाळच्या क्लासला जाऊन कॉम्प्युटर शिकलेला. प्रोग्रॅम तो लिहायचा. त्याच्याकडे एक जाडजूड पुस्तक होतं आणि त्यातलं जेवढं क्लासात शिकवलं तेवढंच त्याला येत होतं. पण पोरगा गुणी. माझ्या शिव्या खाऊन घ्यायचा आणि वर म्हणायचा, "रत्नाताई, चहा सांगू?"

आमचं पहिलं मोठं काम आलं ते मुलुंडच्या सुगंधाबाईंचं. बाई पोस्टाने शिवणकाम शिकवायच्या. दर महिन्याला एक धडा: झबलं, परकर, ब्लाउज, असं. चारशेऐंशी विद्यार्थिनी, घाटकोपरपासून बोरिवलीपर्यंत चाळी-चाळींत पसरलेल्या. दर महिन्याला चारशेऐंशी पत्ते हाताने लिहून बाईंचा अंगठा सुजला होता. ते पत्ते एकदा कॉम्प्युटरमध्ये घालायचे आणि दर महिन्याला चिकटपट्टीच्या कागदावर छापून द्यायचे, हे आमचं काम. ते टिकलं तर ऑफिस टिकणार, ऑफिस टिकलं तर मी.

पहिल्याच दिवशी मी खुर्चीवर बसले, नाव टाइप केलं आणि सवयीने ओळ बदलायला एन्टरचं बटण दाबलं. मशीनला वाटलं बाईचं काम झालं. त्याने तेवढंच नाव गिळलं आणि पुढच्या बाईचा पत्ता मागायला लागलं.

"ताई, एन्टर नाही दाबायचं," लवू म्हणाला. "एन्टर म्हणजे पत्ता संपला."

"मग ओळ कशी बदलू?"

"बदलायची नाहीच. सगळा पत्ता एका दमात सलग टाका. ओळी मशीन पाडेल."

बरं म्हटलं. पत्त्यात स्वल्पविराम दिला, तर मशीन इंग्रजीत ओरडलं, रिडू फ्रॉम स्टार्ट. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. परत दिला, परत तेच. दहा वेळा मला पहिल्यापासून करायला लावलं त्या डबड्याने. मी म्हटलं, "लवू, हे मला शहाणपण शिकवतंय, याला सांग मी कोण आहे." लवूने पुस्तक चाळलं आणि म्हणाला, "ताई, स्वल्पविराम पण नको." खूप नंतर कळलं, स्वल्पविराम पोटात घेणारी आज्ञा त्याच पुस्तकात पुढच्या पानावर होती. पान उलटलं नव्हतं मेल्याने.

तर असे मी चारशेऐंशी पत्ते घातले. ना घंटा, ना स्वल्पविराम, ना ओळ. बाईच्या नावापासून पिनकोडपर्यंत नुसती लांबच लांब दोरी.

आणि लवूच्या प्रोग्रॅमने त्या दोरीचे तुकडे पाडले. कसे? तीस अक्षरं मोजायची आणि कच्च. परत तीस, परत कच्च. जुहू कोळीवाड्यातल्या एका बाईंचा पत्ता असा छापून आला, इंग्रजी होता पण वाचायला असा:

मिसेस सरूबाई महादू तांडेल केअर ऑफ
दादू किराणा स्टोअर्स बिहाइंड दत्
त मंदिर जुहू कोळीवाडा बॉम्बे

पिनकोड एकटाच खाली, चौथ्या ओळीत. दुसऱ्या एकीच्या पिनकोडचे तीन आकडे वर आणि तीन खाली. मी म्हटलं, "चंदूदादा, हे पाठवू नकोस, लाज जाईल." तो म्हणाला, "अगं पोस्टमन काय वाट्टेल ते वाचतो. डॉक्टरांची अक्षरं वाचतात ते!" घाईघाईत त्याने स्वतःच्या हातांनी पट्ट्या चिकटवल्या आणि ब्लाउजचा धडा पोस्टात टाकून आला.

मार्चच्या चौथ्या सोमवारी सुगंधाबाई जिना चढून वर आल्या. मागे हमाल, हमालाच्या डोक्यावर पोतं. पोतं त्यांनी माझ्या टेबलापाशी उलटं केलं. ब्लाउजच्या धड्याची दोनशे पाकिटं परत आलेली.

"माझ्या दोनशे बायका ब्लाउजशिवाय बसल्यात," बाई म्हणाल्या.

लवूला हसू आलं, त्याने ते खोकल्यात घातलं. बाई हसल्या नाहीत. एक पाकीट उचलून त्यांनी चंदूदादाच्या नाकासमोर धरलं. "हे कुणी कापलं?"

"मशीनने, बाई. प्रत्येक ओळीत बरोबर तीस अक्षरं, एक कमी नाही की जास्त नाही."

"मी कापड असं टेप लावून सरळ कापत गेले तर काखेत येईल का कुणाच्या? कापड अंगावरून कापतात. ज्याला अंग दिसत नाही त्याने कात्री धरू नये." मग त्या माझ्याकडे वळल्या. "शनिवारी दुपारी बारा वाजता मी येते. कॉलरचा धडा जायचाय. पट्ट्या नीट दिसल्या तर काम तुमचं. नाहीतर माझा अंगठा बरा."

बाई गेल्यावर चंदूदादा खुर्चीत बसला आणि म्हणाला, "वाट लागली." मामाचा फोन आधीच येऊन गेला होता. काम गेलं की मशीन जाणार, हे त्याला सांगावं लागलं नाही. माझ्या पत्राचं काय होणार हेही मला विचारावं लागलं नाही.

लवूने तीन दिवस खपून नवीन प्रोग्रॅम केला. आता मशीन शब्द मधेच तोडत नव्हतं. तीस अक्षरांच्या आतली मोकळी जागा शोधायचं आणि तिथे ओळ पाडायचं. दत्त मंदिर जुळलं. पण 'केअर ऑफ' वरच्याच ओळीत लोंबकळत राहिलं. 'रूम नंबर' एका ओळीत, चौदा खालच्या ओळीत. 'मागे' वर आणि कशाच्या मागे ते खाली.

"ताई, शब्द तर तुटत नाहीत ना आता?" लवू काकुळतीला येऊन म्हणाला.

"शब्द नाही तुटत, अर्थ तुटतोय! सुगंधाबाई तुझी कॉलर धरतील." मी तोंड सोडलं आणि मग मलाच वाईट वाटलं, कारण तीन दिवस तो पोरगा नीट जेवला नव्हता. "खा आधी," म्हणून माझा डबा त्याच्यापुढे सरकवला.

गुरुवारी संध्याकाळी चंदूदादाच्या डोक्यात प्रकाश पडला. असं त्याला वाटलं.

"रत्ना, चूक कुठे झाली कळली मला. मशीन आणलं आणि गाऱ्हाणं घातलं नाही!"

आमच्या मालवणी माणसांत गाऱ्हाण्याशिवाय काही सुरू होत नाही. नवी रिक्षा असो, नवी खोली असो, नाटक असो. नारळ ठेवायचा, जाणत्या माणसाने देवाला सगळी हकीकत सांगायची, आणि त्याच्या प्रत्येक बोलण्यावर जमलेल्यांनी एका सुरात म्हणायचं, "व्हय म्हाराजा!" कांदिवली ते बोरिवली या पट्ट्यात गाऱ्हाणं घालणारा माणूस एकच. धोंडू परब. माझे बाबा.

"ते यायचे नाहीत," मी म्हटलं.

"गाऱ्हाण्याला नाही म्हणणार ते?"

तेही खरं. गाऱ्हाण्याला बोलावणं आलं की बाबा नाही म्हणत नाहीत. वैऱ्याच्या दारातही जाऊन घालून येतात. फक्त तिथलं पाणी पीत नाहीत.

शुक्रवारी सकाळी रात्रपाळी संपवून बाबा थेट साकीनाक्याला आले. धुतलेला सदरा, खांद्यावर टॉवेल. चंदूदादाने खुर्ची दिली, बसले नाहीत. लवूने चहा आणला, कपाकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्याकडे तर त्याहून नाही. कॉम्प्युटरसमोर नारळ ठेवला, अगरबत्ती लावली. लवू धावत जाऊन ती पंख्यापासून लांब सरकवून आला. बाबांनी हात जोडले, डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या चंद्रप्रकाशान एक यंत्र हाडल्यान आसा..."

बाबा थांबले. इथे आम्ही म्हणायचं, "व्हय म्हाराजा." नेमका तेव्हाच फोन वाजला. चंदूदादा मामाशी बोलायला कोपऱ्यात गेला. लवूचं लक्ष पडद्यावर, ओठांतल्या ओठांत तो काहीतरी मोजत होता. आणि मी? मी तोंड गच्च मिटून उभी. म्हटलं, हे माझ्याशी दोन महिने बोलत नाहीत, मग मी का व्हय म्हणू? मेले तरी नाही म्हणणार.

बाबांनी थोडी वाट पाहिली आणि पुढे गेले. "तेच्या पोटात काय आसा ता आमका म्हायत नाय, तुका म्हायत आसा..." परत थांबले. खाली लेथ मशीन घरघरत होतं तेवढंच. "काय चुकला माकला आसात तर... आसात तर..."

अडकले. ज्या माणसाला मी अर्धा-अर्धा तास न थांबता बोलताना ऐकलंय, तो माणूस अडकला. त्यांनी घसा खाकरला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. "बा देवा म्हाराजा! आज ह्या चंद्रप्रकाशान..." पुन्हा तेच वाक्य, पुन्हा तिथेच गाडी ठप्प. तिसऱ्यांदा "बा देवा म्हाराजा" झालं तेव्हा मला रिडू फ्रॉम स्टार्ट आठवलं आणि मी फिसकन हसले.

बाबांनी डोळे उघडले. असे लाल की बास.

"व्हय म्हणा रे मेल्यानु! तुमी व्हय म्हणल्याशिवाय पुढचा माका गावता कसा? खय थांबाचा, खय उचलाचा, ता तुमच्या व्हयातसून कळता. सगळा सलग बोलूक लागलंय तर मीच हरावतंय त्येच्यात!"

मी हसायची थांबले. सगळं सलग. ना स्वल्पविराम, ना ओळ. माझे चारशेऐंशी पत्ते असेच पडले होते त्या मशीनच्या पोटात, आणि त्याला मधे मधे व्हय म्हणणारं कुणी नव्हतं.

"लवू!" मी ओरडले. "मोजतोस काय मेल्या! मोजायचंच नाही. आपणच पत्त्यात मधे मधे खूण ठेवायची. मशीनने ती खूण शोधायची आणि तिथेच ओळ तोडायची. जमेल?"

लवूने मोजणं सोडलं. "जमेल की. अर्ध्या तासात जमेल. तिरकी रेघ टाकू या मधे मधे."

"आणि 'केअर ऑफ' मध्ये असते ती तिरकी रेघ? ती पण तोडशील? निम्म्या बायका कुणाच्या ना कुणाच्या केअर ऑफ आहेत. मी टाइप केलेत सगळे, मला विचार."

"मग आठाच्या बटणावरची चांदणी?"

"चांदणी कुणाच्याच पत्त्यात नाही. चांदणी टाक."

"गाऱ्हाणा अर्धा ऱ्हवला हा," बाबा भिंतीला म्हणाले. अर्धं गाऱ्हाणं ठेवून कसं चालेल? चंदूदादाला फोनवरून ओढून आणला, आम्ही तिघं रांगेत उभे राहिलो, आणि या वेळी मी सगळ्यांत मोठ्याने व्हय म्हाराजा म्हटलं. खालच्या वर्कशॉपमधल्या दोघांनीही जिन्यात येऊन सूर लावला. बाबांची गाडी सुसाट सुटली. यंत्राची, चंद्रप्रकाशाची, त्याच्या मामाची, साकीनाक्याच्या विजेची, सगळ्यांची हकीकत देवाच्या कानावर गेली. माझं नाव मात्र आलं नाही. मी वाट बघत होते, खोटं कशाला बोलू.

नारळ फुटला. लवू प्रोग्रॅमला लागला. मी सुगंधाबाईंचं रजिस्टर पुढे ओढलं. त्यात पत्ते आडव्या रकान्यात सलग लिहिलेले, तिथेही ओळी नव्हत्याच. आता सगळेच्या सगळे पुन्हा टाइप करायचे, चांदण्या घालून. हातांना घाई होती, आणि त्या घाईनेच भलती पंचाईत झाली. पन्नास पत्ते झाल्यावर लवूने छापून बघितले आणि हळूच कागद माझ्यापुढे ठेवला. पहिले दहा-बारा छान. पुढचे सगळे जवळजवळ तीस-तीस अक्षरांवर तुटलेले.

डोकं दमलं की हात काम घेतात. आणि माझ्या हातांत आठ वर्षांची घंटा बसलेली. ओळ भरत आली की आत कुठेतरी टिंग व्हायचं आणि बोट चांदणीवर. मी इतके दिवस ज्या मशीनला शिव्या घातल्या, तीच चूक मी करत होते, आणि मला कळतही नव्हतं. रडूच आलं मला. घड्याळात साडेबारा झाले होते.

बाबा अजून गेले नव्हते. टॉवेलात नारळाची वाटी बांधून जिन्याच्या तोंडाशी बसले होते. रात्रपाळी करून आलेला माणूस, दमले असतील असं मला वाटलं. मी डोळे पुसले आणि विसरू नये म्हणून पुढचा पत्ता मोठ्याने वाचत टाइप करायला लागले. "मिसेस सरूबाई महादू तांडेल केअर ऑफ..." आणि बोट चांदणीकडे गेलं.

"थयसर नाय!"

मी वळून पाहिलं. बाबा उठून उभे राहिले होते.

"केअर ऑफवर खय थांबतत? कोणाच्या केअर ऑफ ता नको सांगाक? बाईचा नाव झाला काय थांबाचा." ते येऊन माझ्या शेजारच्या स्टुलावर बसले. "तू वाच. खय थांबाचा ता मी सांगतंय."

दोन महिन्यांनी ते माझ्याशी बोलत होते, आई मधे नसताना. मला काहीतरी लागट बोलायची जाम इच्छा झाली. नाही बोलले. वाचायला लागले.

"मिसेस सरूबाई महादू तांडेल..."

"व्हय म्हाराजा."

चांदणी.

"केअर ऑफ दादू किराणा स्टोअर्स..."

"व्हय म्हाराजा."

चांदणी.

"बिहाइंड दत्त मंदिर..."

"व्हय म्हाराजा!"

लवू प्रोग्रॅम सोडून आमच्याकडे बघत राहिला. चंदूदादाने फोनचा रिसीव्हर काढून बाजूलाच ठेवला. बाबांनी मंडळाची वर्गणी गोळा करत वीस वर्षं हे सगळे भाग पायांनी तुडवलेले. चाळीचं नाव कुठलं आणि गल्लीचं कुठलं, हे मला नुसतं वाचून कळत नव्हतं, त्यांना कळायचं. "सावित्री सदन ह्या चाळीचा नाव. दत्तपाडा म्हणजे रस्तो. मधे थांब." घाटकोपरच्या एका पत्त्यावर तर म्हणाले, "ही खोली मागच्या अंगाक आसा, पुढसून सोदून गावाची नाय, 'मागची बाजू' असा टाक." टाकलं. मधेच लवूने त्यांच्यापुढे चहा ठेवला. बोलता बोलता त्यांनी कप उचलला आणि प्यायले. मी पडद्यावरून नजर हलवली नाही, पण मला दिसलं.

आयुष्यभर बाबा बोलत आले आणि लोक व्हय म्हणत आले. त्या दुपारी पहिल्यांदा मी बोलत होते आणि बाबा व्हय म्हणत होते. संध्याकाळी सहाला शेवटचा पत्ता झाला तेव्हा त्यांचा आवाज पार बसला होता. तसेच ते रात्रपाळीला गेले.

शनिवारी बरोबर बाराला सुगंधाबाई आल्या. चष्मा लावला. एकेक पट्टी बोट ठेवून वाचली, चांगल्या शंभरेक. आम्ही तिघं शाळेतल्या पोरांसारखे उभे. घाटकोपरच्या पट्टीवर त्या थांबल्या.

"हे 'मागची बाजू' कुणी घातलं?"

मी एक पाऊल पुढे झाले. "आम्हीच घातलं, बाई."

"माझ्या हस्ताक्षरात असतानासुद्धा हिचे दोन धडे परत आले होते." त्यांनी चष्मा काढला. "आता अंग बघून कापलंय. वर्षभराचं काम तुमचं. आणि ब्लाउजचे दोनशे धडे पुन्हा जातील, ते तुमच्या खर्चाने."

"व्हय म्हाराजा," लवू पुटपुटला. मी त्याच्या पायावर पाय दिला.

बाईंची पावलं जिन्यावरून उतरली तसा चंदूदादा नाचायचाच बाकी राहिला. मग गंभीर होऊन म्हणाला, "रत्ना, ते पत्र. तूच टाइप कर, मी सही करतो."

स्वतःच्या नोकरीचं पत्र मी स्वतः टाइप केलं, लवूच्या प्रोग्रॅमवर, मधे मधे चांदण्या घालून. एका शब्दाच्या दोन्ही बाजूंना मी मुद्दाम चांदणी मारली, म्हणजे तो एकटा एका ओळीत येईल. पत्र असं लिहीत नाहीत, मला माहीत आहे. पण टाइप मी करत होते.

घरी पोहोचले तेव्हा चार वाजले होते. बाबा झोपून उठून चहा घेत होते. मी पत्र त्यांच्या बशीजवळ ठेवलं. त्यांनी ते उलटसुलट पाहिलं. इंग्रजी. माझ्याकडे परत दिलं.

"वाच," म्हणाले. आईकडे न बघता, मला.

मी एकेक ओळ मराठीत सांगायला लागले. "प्रति, कुमारी रत्नप्रभा धोंडू परब."

"व्हय म्हाराजा." आवाज अजून बसलेलाच.

"आपलं तीन महिन्यांचं काम पाहून..."

"व्हय म्हाराजा."

"एक एप्रिल एकोणीसशे सत्त्याऐंशीपासून..."

"व्हय म्हाराजा."

"आपल्याला नोकरीत..." मी श्वास घेतला. "परमनंट."

या ओळीला व्हय आला नाही. मी वाट पाहिली. कागदावर त्या ओळीत दुसरं काही नव्हतं, पुढे सरकायला जागाच नव्हती. वर पाहिलं तर त्यांनी टॉवेल तोंडाला लावलेला, आणि खांदे हलत होते. गिरणीचं दार बंद झालं तेव्हासुद्धा मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. आई दारात स्टोव्हची पिन हातात घेऊन तशीच उभी.

"बाबा, व्हय म्हणा ना," मी म्हटलं. "तुम्ही म्हटल्याशिवाय पुढची ओळ कशी वाचू?"

त्यांनी टॉवेल खाली घेतला. हात लांब करून त्या एकट्या शब्दावर बोट ठेवलं, जसं सुगंधाबाईंनी पट्टीवर ठेवलं होतं.

"व्हय गो बाय," ते म्हणाले. "व्हय. आता पुढचा वाच."